डाव्या हाताचे सूर

सिसिली मिसकडे कीबोर्ड आला त्या उन्हाळ्यात आमच्या घरी शालूताईसाठी स्थळं बघणं चाललं होतं. आई संध्याकाळी व्हरांड्यात सूप घेऊन बसायची आणि भंडारा-तुमसरकडची कोणी बाई सडकेवरून जाताना दिसली की हाक मारायची. "तुमच्याकडं कोनी पोरगा आहे का वं? नोकरीवाला पायजे, दिसायले साधा असला तरी चालन." स्टील प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर दहामधल्या आमच्या सडकेवर तेलुगू, बंगाली, मल्याळी, बिहारी असे सगळेच राहायचे. मराठी घरं थोडीच. तेवढ्या घरांत बातमी पोचली की ती गावाकडे पोचल्यातच जमा होती, आणि आईला नेमकं तेच हवं होतं. बाबा प्लांटच्या टाइम ऑफिसात क्लार्क होते. ते सकाळी भोंग्याच्या आधी सायकल काढायचे, दुपारी घरी येऊन तांदळाची भाकर आणि जवसाची चटणी खायचे, आणि पुन्हा जायचे. बोलायचे कमी. आईच्या बोलण्याला ते 'हो' म्हणायचे किंवा नुसतं खोकायचे, आणि त्यातलं कोणतं कशासाठी हे आम्हा दोघी बहिणींना बरोबर कळायचं.

सिसिली मिस दोन सडका सोडून राहायची. तिचा नवरा रेल मिलमध्ये होता आणि ती चर्चमध्ये पायपेटी वाजवायची. त्याच पायपेटीवर ती आम्हा काही मुलींना शिकवायची. मी अकरावीत होते. शाळेत मी साधारण, दिसायला ताईच्या मानाने डावी. मला नीट जमत होतं असं एवढंच एक होतं, म्हणून मी तिथे दिवसभर पडून असायची. आई वैतागायची. "काय टिंगटिंग करून राहते वं तू तिकडं? घरात तांदूळ पडले आहेत निवडायचे." मग मिसचा भाऊ मस्कतहून सुटीवर आला आणि तिच्यासाठी कीबोर्ड घेऊन आला. मिसने तो डबा टेबलावर ठेवून उघडला तेव्हा थर्माकोलच्या करकर आवाजाने माझ्या दातांत सणक गेली होती, ते अजून आठवतं. कीबोर्ड काळा होता. वरच्या बाजूला बटणांची रांग आणि प्रत्येक बटणाखाली वाद्याचं नाव. पियानो, व्हायोलिन, बासरी. शेवटची दोन बटणं पाइप ऑर्गन आणि हार्प्सिकॉर्ड.

पियानोचं बटण मिसला आवडायचं नाही. "ये झूठा है," ती म्हणाली. "असली पियानो में धीरे दबाओ तो धीरे बोलता है, जोर से दबाओ तो चिल्लाता है. ये तो सब एक ही माफिक बोलता है." पण ऑर्गन आणि हार्प्सिकॉर्ड ही मूळ वाद्यंच तशी. पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात, स्वर तेवढाच निघणार. म्हणून त्या स्वस्तातल्या डब्यात हे दोनच आवाज खरे वाटायचे. हार्प्सिकॉर्ड म्हणजे कोणी नखाने तार छेडावी तसा. ठिणगीसारखा उडायचा आणि विझून जायचा. बोट पट्टीवर राहिलं तरी स्वर आपोआप मरायचा. पाइप ऑर्गनचं उलटं होतं. बोट आहे तोवर स्वर आहे, न कमी न जास्त, एकाच ताकदीचा. तो लावला की मिसची ती छोटी खोली मोठी व्हायची, छत वर जायचं. तीनशे वर्षांपूर्वीच्या कोणा युरोपी माणसाची एक लहानशी रचना मिसने मला त्यावर शिकवली. उजव्या हाताला धावती चाल, डाव्या हाताला खालचे लांबलांब सूर, आणि त्यातला सगळ्यात खालचा सूर करंगळीने धरून ठेवायचा. ती रचना मी पावसाळाभर घोटली. आज माझ्या फोनवर बोट फिरवलं की असे शंभर ऑर्गन ऐकता येतात, दगडी चर्चांमधले, खऱ्या नळ्यांचे. मी ऐकते. पण मिसच्या खोलीत जसा अंगावर काटा यायचा तसा येत नाही.

त्याच दिवसांत कधीतरी माझ्या डाव्या हातावर, कोपराच्या खाली, एक फिकट डाग आला. आईने तो पाहिला, म्हणाली, "शिबं असन. खोबरेल लाव." मी लावत राहिले. डाग खाजत नव्हता, दुखत नव्हता, म्हणून कोणी त्याच्याकडे पुन्हा पाहिलं नाही. दिवाळी झाली, आईने लाखोळीच्या डाळीचे वडे तळले, ताईला बघायला तुमसरहून माणसं येऊन गेली आणि त्यांचा होकार आला. मुलगा शाळेत मास्तर, शांत, चष्म्याचा. घरात सगळे एकदम मोठ्या आवाजात बोलायला लागले. आणि त्या गोंगाटात एक दिवस मिसकडे मी एकटी वाजवत होते तेव्हा रचना संपली, मी हात मांडीवर घ्यायला निघाले, आणि एक सूर वाजतच राहिला. मला वाटलं पट्टी अडकली. मी मागे वळून पाहिलं, मिस स्वयंपाकघरात होती. मग मी खाली पाहिलं. माझी करंगळी पट्टीवर होती. दाबलेली. आणि मला ती तिथे असल्याचा पत्ता नव्हता.

मी ती उचलली. सूर थांबला. दुसऱ्या हाताने तिला चिमटा काढला. शेजारच्या बोटाला काढला. चिमटा माझ्या उजव्या हाताला कळत होता, डाव्याला नाही. सतरा वर्षांच्या मुलीला अशा वेळी जे वाटतं तेच मला वाटलं, की हे कोणाला सांगितलं नाही तर ते होणार नाही. त्या दिवसापासून मी ऑर्गनचं बटण दाबणं सोडलं. हार्प्सिकॉर्ड लावून बसायची. त्यात बोट विसरून पट्टीवर राहिलं तरी स्वर आपला विझून जायचा, कोणाला काही कळायचं नाही. मिस म्हणायची, "कुंदा, ऑर्गन काहे नहीं बजाती? क्रिसमस में तेरे को बजाना है." मी म्हणायची, मला हाच आवडतो मिस. घरी मी डाव्या हाताने गरम भांडं उचलायची नाही, कारण एकदा तव्याच्या कडेला बोट टेकलं होतं आणि जळल्याचा वास आल्यावरच मला समजलं होतं. बोटाला फोड आला. आई ओरडली, "लक्ष कुठं राहते तुहं?"

डिसेंबरच्या एका दुपारी मी वाजवत असताना मिस शेजारी येऊन उभी राहिली आणि मधेच हात लांबवून तिने ऑर्गनचं बटण दाबलं. मी थांबले, दोन्ही हात सैल केले. खालचा सूर वाजत राहिला.

"छोटी उँगली उठाओ," मिस म्हणाली.

"उठाई है मिस," मी म्हणाले.

मी खाली पाहिलं नव्हतं. सूर वाजत होता आणि मी 'उचललं आहे' म्हणत होते. मिसने माझ्या मनगटाला धरलं, हात सावकाश वर केला, आणि मग खोलीत एकदम शांत झालं. तिने माझ्या ब्लाउजची बाही वर सरकवली. डाग पाहिला. तिचा बाप केरळात एका मिशनच्या दवाखान्यात नोकरीला होता हे मला माहीत होतं, पण तिथे कोणते रोगी असायचे हे तिने कधी सांगितलं नव्हतं. तिने मला चहा करून दिला. तिने स्वतःच्या कपातच दिला, हे माझ्या लक्षात आलं ते फार नंतर. मग चप्पल घालून माझ्याबरोबर आमच्या घरी आली.

आई आणि मिस व्हरांड्यात बोलल्या. मी दाराआड होते. मिसने तिच्या तुटक्या हिंदीत आधी खूप गोल गोल सांगितलं, नसेचं दुखणं आहे, दुर्गला एक डॉक्टर आहे, गोळ्यांनी बरं होतं. आईला समजत नव्हतं. मग मिसने तो शब्द उच्चारला. आईने सूप खाली ठेवलं. "बाई," आई म्हणाली, "माह्या मोठ्या पोरीचं लगन आहे. हा शब्द तुमी माह्या घरात काढला, आता पुन्हा काढू नका." तिने हात जोडले होते. ती भांडत नव्हती. ती भीक मागत होती, आणि म्हणूनच मिस उठून गेली. त्या दिवसापासून माझं मिसकडे जाणं बंद झालं.

आमच्या घरात त्या रोगाचं नाव घेत नसत. गावाकडे 'रक्तपिती' म्हणायचे, तेही हळू आवाजात. तो झालेली माणसं गावाबाहेर झोपडीत राहायची आणि त्यांच्या घरात सोयरीक व्हायची नाही. भावंडांची नाही, भावंडांच्या लेकरांचीही नाही. मला हे कोणी सांगितलं नव्हतं, पण माहीत होतं. आई त्या रात्री जेवली नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून माझं ताट, माझा पेला वेगळा झाला. "तुले सर्दी आहे ना," ती ताईदेखत म्हणाली. मला सर्दी नव्हती. ताईने माझ्याकडे पाहिलं, पण ती त्या दिवसांत साड्यांमध्ये होती, फॉलपिकोमध्ये होती. तिला कोणी सांगितलं नाही आणि मीही नाही.

बाबांनी मात्र एका रविवारी मला सायकलच्या कॅरिअरवर बसवलं आणि रिसालीवरून उतईच्या पलीकडच्या एका गावात नेलं. तिथे एक वैद्य होता. पत्ता विचारावा लागला नाही, बाबा सरळ त्याच्या अंगणात जाऊन उभे राहिले. वैद्याने माझा हात पाहिला आणि काळा लेप लावून पट्टी बांधली. "जलेगा," तो म्हणाला, "जलेगा तभी निकलेगा." जळलं. त्यात बिब्बा होता. दोन दिवसांत कोपरापासून मनगटापर्यंत कातडी फुगून आली, पाणी सुटलं, आणि पट्टी सोडवताना कातडी तिच्याबरोबर निघाली. त्याच सुमाराला आतून एक वेगळंच दुखणं सुरू झालं, कोपराच्या हाडाजवळून बोटांपर्यंत तापलेली तार ओढावी तसं. गंमत अशी की ज्या बोटाला चिमटा कळत नव्हता तेच बोट आता आतून ठणकत होतं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट हळूहळू तळहाताकडे वळू लागलं. मी त्यांना सरळ करायची, ती पुन्हा वळायची. बाबा पाहायचे आणि खोकायचे. या वेळी त्या खोकण्याचा अर्थ मला लागत नव्हता.

लग्न माघात होतं. सडकेच्या मागच्या मैदानात मांडव पडला. नातेवाईक उतरायला शेजाऱ्यांनी खोल्या दिल्या, त्यात बंगाली काकूंनी आपला पलंगसुद्धा दिला. सगळ्या घरात हळदीचा, तेलाचा, ओल्या मातीचा वास. आईने सगळ्यांना सांगितलं की कुंदाला कावीळ झाली आहे, डॉक्टरने उजेडात यायला मना केलं आहे. मला मागच्या कोठीत ठेवलं, जिथे भंडाऱ्याहून आलेल्या तांदळाची पोती असायची. बाहेरून कडी लावली. "कोनी चुकून आत येऊ नये म्हनून," आई म्हणाली आणि कडी लावताना रडत होती. मी ऐकत होते. मी पोत्यावर बसले होते. भिंतीच्या वर एक जाळी होती, तिच्यातून उन्हाचा चौकोन यायचा आणि सरकत जायचा.

मी त्या दिवशी सगळं लग्न ऐकलं. वरात आली, बँडवाल्यांनी सिनेमाची गाणी वाजवली, मुलं किंचाळत धावली, कोणीतरी कोणालातरी "अक्षता, अक्षता कुठं आहेत?" म्हणून विचारत राहिलं. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा भटजींच्या आवाजामागे शेकडो माणसांची शांतता ऐकू आली. मी उभी राहिले. माझ्याजवळ टाकायला अक्षता नव्हत्या, मी पोत्याच्या फाटक्या कोपऱ्यातून तांदूळ काढले आणि 'सावधान' आलं तेव्हा समोरच्या भिंतीवर टाकले. मग खाली बसून ते वेचत बसले, कारण आई म्हणाली असती, 'तांदूळ काहून सांडले?' वेचताना डाव्या हाताच्या वळलेल्या बोटांत एकही दाणा येत नव्हता. मला तेव्हा मरावंसं वाटलं. मोठं काही मनात नव्हतं, कोणावर रागही नव्हता. एवढंच वाटलं की मी नसते तर आईला ही कडी लावावी लागली नसती.

ऊन जाळीवरून गेल्यावर कोणीतरी मागच्या दाराशी आलं. बांगड्यांचा आवाज झाला.

"कुंदे," ताई म्हणाली. "झोपली का वं? मी येतो बरं. तब्येतीले जप."

मी तोंडावर हात ठेवला. आईने सांगितलं होतं की आवाज करायचा नाही, बाहेर वरपक्षाच्या बाया आहेत. ताई थोडा वेळ उभी राहिली. मग कोणीतरी तिला हाक मारली, बांगड्या दूर गेल्या, आणि थोड्या वेळाने तिकडून रडण्याचा मोठा आवाज आला. सगळ्या लग्नांत येतो तसा.

पाहुणे गेले, मांडव निघाला, आणि एका सकाळी मिस पुन्हा आमच्या दारात उभी राहिली. आई तिच्या वाटेत उभी होती. मिसने या वेळी काही समजावलं नाही. ती म्हणाली, "बहनजी, शादी हो गई. अब लड़की एक दिन के लिए मेरे को दे दो." आई तिच्याकडे पाहत राहिली. मग बाजूला झाली.

आम्ही टेंपोने दुर्गला गेलो. सरकारी दवाखान्यातले ते डॉक्टर वयस्कर होते, ओडिशाकडचे. त्यांनी माझे डोळे मिटायला लावले आणि कापसाच्या टोकाने ठिकठिकाणी स्पर्श करत विचारत गेले, "यहाँ? यहाँ?" बऱ्याच ठिकाणी मी गप्प राहिले. मग त्यांनी माझं कोपर हातात घेतलं, आतल्या बाजूची शीर बोटांनी चाचपली, आणि मी ओरडले. "रस्सी जैसी हो गई है," ते म्हणाले. पहिल्यांदाच कोणीतरी मोठ्या आवाजात, नेहमीच्या बोलण्यात त्या रोगाचं नाव घेतलं, कुष्ठ. गोळ्या घ्यायच्या, बंद करायच्या नाहीत, रोग जाणार म्हणजे जाणार. "और उँगली?" मिसने विचारलं. डॉक्टरांनी माझी करंगळी सरळ करून पाहिली. "पहले आते तो कुछ बोलता. अब देखेंगे." मग त्यांनी आणखी एक सांगितलं. घरात जे जे राहतात, राहत होते, त्या सगळ्यांना तपासायला हवं. हे कोणाकडून तरी आलं आहे.

घरी मिसने हे सांगितलं तेव्हा आईने बाबांकडे पाहिलं. तिने कदाचित सहज पाहिलं असेल. बाबा खोकले नाहीत. ते भिंतीकडे बघत म्हणाले, "मी येतो."

दवाखान्यात त्यांनी सदरा काढला. मी माझ्या बापाची उघडी पाठ त्या दिवसापर्यंत कधी पाहिली नव्हती. तिच्यावर मोठे, फिकट, चमकणारे चट्टे होते. डॉक्टरांनी त्यांच्या कानाच्या पाळ्या चाचपल्या, तळपायाला टाचणी टोचली. बाबा पुढे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होते, त्यांना टोचलेलं कळलं नाही. "कब से है?" डॉक्टरांनी विचारलं. "पता नहीं," बाबा म्हणाले. मग मराठीत, कोणालाच उद्देशून नाही असं, म्हणाले, "माह्या मामाले झालं होतं. त्याले नदीपल्याड नेऊन सोडलं होतं." तेव्हा मला उमगलं की उतईपलीकडच्या त्या वैद्याचं घर त्यांना न विचारता कसं सापडलं होतं. ते आधी स्वतःसाठी जात होते. कितीदा गेले असतील, त्या काळ्या लेपाने त्यांचं काय काय जाळलं असेल, मी कधी विचारलं नाही. परत येताना टेंपोत त्यांनी माझा वाकडा हात आपल्या हातात घेतला आणि सेक्टर दहा येईपर्यंत सोडला नाही. त्यांच्या नखांच्या मुळाशी शाई होती.

आईची तपासणी झाली, तिला काही नव्हतं. राहिली ताई. आई बाबांच्या पाया पडली, खरोखर पडली. "तिचं घर बसलं आहे आता. नका सांगू. तिले काही झालं असन तं दिसलं असतं ना." बाबा म्हणाले, "कुंदीचं दिसलं तरी कोनी ओळखलं का?" पाडव्याला ताई आणि भाऊजी आले. आईने पुरण घातलं, पण पोळ्या फाटल्या. जेवणं झाल्यावर बाबांनी भाऊजींना आतल्या खोलीत बोलावलं, दार लोटलं नाही, आणि सदरा काढून पाठ त्यांच्याकडे केली.

"पाहून घ्या जावईबापू. माह्यापासून धाकटीले झालं. शालूले डॉक्टरनं पाहायचं आहे. लगनाच्या आधी सांगाले पायजे होतं, नाही सांगितलं."

भाऊजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पिशवी उचलली आणि स्टेशनवर गेले. एकटे.

ताईची तपासणी झाली. तिच्या अंगावर काही निघालं नाही. तरी तुमसरहून कोणी आलं नाही. ताई आता आमच्याकडेच होती आणि ती माझ्याशी बोलत नव्हती. घरात चार माणसं, चारही वेगवेगळ्या दिशांना तोंड करून. महिन्याच्या मोठ्या गोळ्या दवाखान्यात नर्ससमोर घ्याव्या लागायच्या, त्या दिवशी लघवी लाल व्हायची आणि पहिल्यांदा मी घाबरून रडले होते. बाबांना रोजची एक वेगळी गोळी होती, तिने त्यांचा रंग काळवंडत गेला. ऑफिसात लोक विचारायचे, "क्या बाबूजी, धूप में घूमते हो?" बाबा हसायचे म्हणे. माझ्या हाताची सूज उतरवायलाही गोळ्या होत्या, त्यांनी ठणका गेला. बोटं सरळ झाली नाहीत. मी रोज सकाळी डोळे मिटून करंगळीला उजव्या हाताने स्पर्श करून बघायची, आज काही कळतं का. डॉक्टर म्हणायचे धीर धरो. मी धीर धरला आणि काही आलं नाही. आजही आलेलं नाही. दोन्ही बोटं वाकलेली आहेत. रिसालीच्या बाजारात भाजीवाली हातात सुटे पैसे देताना एकदा बोटांकडे आणि एकदा माझ्या तोंडाकडे बघते.

शाळांना सुट्या लागल्या तशी मिस केरळात जायला निघाली. जाताना तिने कीबोर्ड आमच्याकडे आणून ठेवला. बंद घरात उंदीर वायरी कुरतडतील, एवढंच कारण तिने दिलं. आईने त्याच्यावर जुनी चादर घातली. कितीतरी दिवस तो त्या चादरीखाली कोपऱ्यात पडून होता, मी त्याच्याकडे पाहत नव्हते. मग एका दुपारी, कूलरचा आवाज चाललेला, बाबा ऑफिसात, आई झोपलेली, आणि मला एक सूर ऐकू आला. ताई चादर काढून खाली बसली होती आणि एका बोटाने ऑर्गनची पट्टी दाबून धरली होती. सोडत नव्हती. तिच्या तोंडावरून पाणी वाहत होतं.

"हा कसा थांबत नाही वं?" तिने विचारलं. कितीतरी आठवड्यांनी माझ्याशी तिचं ते पहिलं बोलणं.

"बोट काढलं की थांबते," मी म्हणाले.

ती तशीच धरून राहिली. मी तिच्याजवळ जाऊन बसले. थोड्या वेळाने ती म्हणाली, "त्या दिवशी दाराआड तू जागी होती ना?" मी मान हलवली. "मले वाटलंच होतं," ती म्हणाली. "मीही नाही उघडलं." मग तिने बोट काढलं आणि म्हणाली, "मले शिकव काही."

माझा डावा हात गेला होता. म्हणून मी तिला डाव्या हाताचंच शिकवलं, ते खालचे लांब सूर. ते धरायचे आणि वेळेवर सोडायचे, बाकी त्यात अवघड काही नाही. ताईला संगीताचं अंग नव्हतं. ती आधी मोजत बसायची, ओठ हलायचे, चुकली की कपाळावर हात मारायची. मी उजव्या हाताने वरची चाल वाजवायची आणि तिच्यासाठी थांबायची. रोज दुपारी. आई आधी म्हणायची, लोक ऐकतील, काय म्हणतील, घरात काय चाललं आहे आणि या पोरी काय करून राहिल्या. मग म्हणणं सोडलं. एकदा बाबा ऑफिसातून लवकर आले आणि दारात जोडे न काढता तसेच उभे राहिले. संपल्यावर आत गेले.

भाऊजी आले ते जूनच्या सुरुवातीला, शाळा सुरू व्हायच्या आधी. ते ताईला घेऊन गेले, हे मी आधीच सांगून टाकते. त्यांच्या आईवडिलांनी आमच्या घराशी संबंध ठेवला नाही आणि ताई पुढे बरीच वर्षं माहेरी आली नाही. आईच्या मातीला आली ती, एवढंच. पण भाऊजींनी नागपूरला जाऊन एका डॉक्टरला स्वतः विचारलं होतं, आणि घरात भांडून आले होते, हे मला ताईनेच कधीतरी सांगितलं. त्या दुपारी मात्र आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. आम्ही दोघी जमिनीवर बसलो होतो, ती माझ्या डाव्या बाजूला, खांद्याला खांदा लागलेला. रचना अर्ध्यावर आली होती. जाळीचं दार वाजलं. भाऊजी उंबऱ्यात उभे होते, घामेजलेले, हातात पिशवी. आई स्वयंपाकघरातून धावत आली आणि पदर सावरत तिथेच थबकली. मी हात उचलायला लागले.

"वाजव," ताई म्हणाली. तिचं तोंड पांढरं पडलं होतं, पण डावा हात हलला नव्हता, खालचा सूर तसाच चालला होता. तिने मान वळवली आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"बसा तुमी," ती म्हणाली. "एवढं होऊ द्या आमचं."

भाऊजी बसले नाहीत. पिशवी खाली ठेवून, दाराच्या चौकटीला टेकून, आम्ही शेवटचा सूर सोडेपर्यंत उभे राहिले.